यंदा चांदणी लावू नकोस गं

नोव्हेंबर संपत आला की माझ्याकडे एक ठरलेला फोन येतो. माणसं वेगळी, आडनावं वेगळी, वाक्य मात्र जवळजवळ तेच. "मॅडम, आईला सणाचं काहीच वाटेनासं झालंय, आम्ही एवढं सगळं करतो तरी तोंड पाडून बसते, काय करावं?" गणपतीच्या आधी येतो, दिवाळीच्या आधी तर हमखास येतो, आणि माझं समुपदेशनाचं काम पुण्यात वडगावशेरी, येरवडा, खडकी, कॅम्प या बाजूला जास्त असल्यामुळे नाताळच्या आधीही येतो. आणि मग कधीतरी, मुलं खोलीबाहेर गेली की त्या आईचा किंवा वडिलांचा स्वतःचा प्रश्न येतो, तो जास्त अवघड असतो. "मला आनंद होत नाही, म्हणजे माझा विश्वास आटला का हो?"

2023 च्या डिसेंबरमधली गोष्ट सांगते. खुणा बदलल्यात, आणि ज्यांची गोष्ट आहे त्यांनी आधी वाचून "टाक खुशाल" म्हटलंय, वर शुद्धलेखनाच्या सात चुकाही काढून दिल्यात, कारण त्या शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणणारे.

आधी मुलगी आली, एकटीच. बँकेत नोकरी, लंच अवरमध्ये पळत आलेली. वडील 2020 मध्ये गेले, आई नगरचं घर बंद करून तिच्याकडे राहायला आली, भाऊ टोरंटोला. तिने सांगितलेलं सगळं प्रेमापोटीच होतं हे आधीच सांगते. सहा फुटी ट्री आणलेला, गॅलरीला लायटिंग, आईला लाल स्वेटर, ऑनलाईन प्लम केक, नातवाला सांगून ठेवलेलं की आजीसमोर रडका चेहरा करायचा नाही. आणि दारात चांदणी, म्हणजे नाताळचा तारा, लावायला ती स्टूलवर चढली तर आई आतून म्हणाली, यंदा चांदणी लावू नकोस गं. मागच्या वर्षीही हेच. त्याच्या मागच्या वर्षीही.

"लोक काय म्हणतील मॅडम, ख्रिस्ती माणसाचं घर आणि डिसेंबरात दारात चांदणी नाही."

मी ख्रिस्ती नाही. लहानपणी माझ्यासाठी नाताळ म्हणजे एम. जी. रोडची गर्दी, केसांत चमकणारी लाल शिंगं, आणि बाबांच्या ऑफिसातल्या एका काकांकडून डब्यात येणाऱ्या करंज्या, ज्या आमच्या दिवाळीच्या करंज्यांसारख्याच लागायच्या आणि याचं मला फार आश्चर्य वाटायचं. एवढंच भांडवल. पण शोक सगळ्यांचा सारखाच असतो अशी माझी एक समजूत होती आणि त्या जोरावर मी म्हटलं, घेऊन या आईंना.

बाई आल्या. वय 75, पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. बसायच्या आधी म्हणाल्या, "तुमच्या बाहेरच्या पाटीवर समुपदेशनमधला मु दीर्घ आहे. ऱ्हस्व हवा." पाटी सहा वर्षं तशीच होती, कोणी बोललं नव्हतं. नगरच्या एका मिशनच्या शाळेत 34 वर्षं मराठी शिकवलेलं, आणि संडे स्कूल तर लग्नाआधीपासून. लग्न 1970 चं. "त्याच वर्षी नोव्हेंबरात नागपूरला सहा चर्चेसची एकी झाली, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आमचे हे म्हणायचे एका वर्षात दोन युनियन झाल्या, दुसरी जास्त टिकेल." हे सांगताना हसल्या, आणि हसू मध्येच थांबलं.

पहिल्या भेटीत मी नेहमीचं सगळं केलं. वयस्कर लोकांसाठी 15 प्रश्नांची एक डिप्रेशनची प्रश्नावली असते, साधी, हो-नाही अशी, ती भरून घेतली. स्कोर काठावर आला. झोप तुटक, भूक बरी, वजन जागेवर. मग मी जे केलं ते पुस्तकात आहे पण चुकलं. होमवर्क दिलं. मनाला वाटायची वाट बघायची नाही, आधी कृती करायची मग मूड मागून येतो, हे तंत्र खरंच चालतं, मी कितीतरी जणांना चालताना पाहिलंय, म्हणून मी आत्मविश्वासाने म्हटलं की बाई, येत्या रविवारपर्यंत तुम्ही स्वतःच्या हाताने चांदणी लावायची आणि जुन्या दोन मैत्रिणींना फोन करायचा. त्या "बरं" म्हणाल्या. शिक्षकांचं "बरं" फसवं असतं, त्यांना वर्गात कुणाचा अपमान करायचा नसतो.

पुढच्या आठवड्यात आल्याच नाहीत. मुलीचा फोन आला, आई शनिवारी चांदणी हातात घेऊन अर्धा तास स्टूलपाशी उभी होती, मग आत जाऊन रडली आणि आता म्हणते त्या मॅडमकडे मी जाणार नाही, तिला काही कळत नाही.

खरं होतं ते. मी विचारलंच नव्हतं की चांदणी कुणाची.

मग मीच गेले घरी. सहसा जात नाही, पण गेले. बाई मटार सोलत होत्या, मला बघून एक ताटली माझ्याकडे सरकवली, म्हणजे मीही सोलायचे. समोरासमोर खुर्च्या टाकून जे बोलणं होत नाही ते मटार सोलताना होतं, हे मला माहीत असूनही दर वेळी विसरायला होतं. मी म्हटलं, माझं चुकलं, मला चांदणीबद्दल सांगा.

चांदणी नवरा करायचा. विकतची कधीच नाही. डिसेंबर लागला की बांबूच्या कामट्या तासायच्या, सुतळीने बांधायच्या, पतंगाचा कागद, घरी शिजवलेली खळ, आत 40 चा बल्ब. पाच टोकांची एक मोठी घराला आणि चार-पाच लहान ज्यांना करता येत नाही त्यांना. अंगणभर कागदाचे तुकडे. आणि चांदणी वर चढली की त्याच संध्याकाळी पेटी बाहेर निघायची, पुसायची, भाता तपासायचा, कारण आता कॅरल्स. नगरच्या गल्ल्यांतून रात्री निघायचं, पुढे पेट्रोमॅक्स, ढोलकी, टाळ, पेटी गळ्यात अडकवलेली. आमच्या मराठी चालीची भजनं हो, अभंगाच्या वळणाची, इंग्रजी कॅरल्स नंतर आली असं त्या म्हणाल्या. प्रत्येक घरी चहा, नको म्हणता यायचं नाही, पहाटे शेवटच्या घरी पोचेपर्यंत पोटात बारा-पंधरा चहा आणि घशाची वाट लागलेली. "सासूबाई मोठा दिवसच म्हणायच्या, नाताळ नाही म्हणायच्या. मोठ्या दिवसाला घरचा दिवा विझू द्यायचा नाही."

मग ताटलीतले मटार संपले तरी हात चालूच होते, रिकाम्या शेंगाच उघडत होत्या. 2020 चा ऑगस्ट. दोघांनाही कोविड. ते हॉस्पिटलात, त्या घरात, दारावर पट्टी लावलेली. चार माणसं किट घालून, पाळकसाहेबांनी लांबून दोन वाक्यं प्रार्थना केली, संपलं. त्यांना जाता आलं नाही.

"आमच्यात मयतीला गातात. रडतात पण गातात, कबरीत माती पडेपर्यंत गाणं थांबत नाही. अख्ख्या मंडळीच्या मयतीला 40 वर्षं ज्याने सूर धरला, त्याला एक ओळ कोणी म्हटली नाही गं. मुकाट्याने गेला. आता चांदणी लावली की मला वाटतं तो पेटी काढायला उठेल. मग नाही उठत."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगून पुढे जाते, कारण मुलं विचारतात की तीन वर्षं झाली, अजून किती. 2022 पासून अमेरिकन मानसोपचाराच्या यादीत लांबलेल्या शोकाचं वेगळं निदान आहे, मोठ्या माणसांच्या बाबतीत किमान एक वर्षानंतर ते करता येतं, आणि त्यात शोक जवळजवळ रोज तीव्र असतो, रोजचं जगणं विस्कटलेलं असतं. बाई तशा नव्हत्या. स्वयंपाक करत होत्या, नातवाचा मराठीचा अभ्यास घेत होत्या, पेपर वाचत होत्या. त्यांचं फक्त एक महत्त्वाचं काम अर्धं राहिलं होतं, ते डिसेंबर आला की वर यायचं. कोविडच्या काळात गेलेल्यांच्या घरी हे मी खूप पाहिलं, सगळ्या धर्मांच्या. कुणाचा दहावा राहिला, कुणाला शेवटचं पाणी देता आलं नाही, कुणाला जनाज्याला खांदा देता आला नाही. आपण त्या माणसांना "मूव्ह ऑन" म्हणत राहतो आणि त्यांना मनातून फक्त ते राहिलेलं उरकायचं असतं.

मग तो दुसरा प्रश्न आला. मुलगी चहा करायला आत गेल्यावर.

"एवढी वर्षं पोरांना शिकवलं, हर्ष करा, उल्हास करा, तारणारा जन्माला आला. आणि मला मेलीला हर्ष होत नाही. प्रार्थनेला बसते, शब्द निघतात, पण पोस्टात टाकलेलं पत्र परत यावं तसं होतं. मग मी ढोंगी का? म्हातारपणी विश्वास उडतो का गं असा?"

तोपर्यंत त्या मला अगं-तुगं करायला लागल्या होत्या, मला ते बरं वाटलं. आणि मी धार्मिक प्रश्नाला धार्मिक उत्तर द्यायला गेले, हा माझा दुसरा आगाऊपणा. म्हटलं, "बाई, नाताळची गोष्टच तशी तरुणांची आहे ना, तरुण आई, नुकतं जन्मलेलं बाळ, मेंढपाळ पोरं, त्यामुळे या वयात ती थोडी लांबची वाटणारच."

बाईंनी चष्मा काढला. माझ्या शाळेतल्या बाई असाच काढायच्या आणि मग काहीतरी पडायचं.

"कोणी सांगितलं तुला? वाचलंयस का?"

नव्हतं वाचलेलं. नाटकात पाहिलेलं, डोक्याला टॉवेल बांधलेले मेंढपाळ वगैरे. मग त्यांनी मला पुढची वीस मिनिटं संडे स्कूलच्या वर्गात बसवलं, आणि मी आयुष्यात जेवढी सेशन्स घेतली त्यातलं हे सगळ्यात चांगलं सेशन होतं, ज्यात मी काहीच केलं नाही. बायबलात लूकने सांगितलेली येशूच्या जन्माची गोष्ट सुरूच म्हाताऱ्यांपासून होते म्हणाल्या. जखऱ्या आणि अलीशिबा, दोघं वय झालेली, मूलबाळ नाही, गावात बोल ऐकलेले. देवदूत आला तर जखऱ्या म्हणतो, मी म्हातारा झालो, हे कसं शक्य आहे, आणि त्याची वाचा जाते, बाळ होऊन त्याचं नाव ठेवेपर्यंत मुका. "बघ, त्याच्याही तोंडून शब्द निघत नव्हते. माझं निदान निघतात तरी." मग शिमोन, मंदिरात बाळ येशूला हातात घेणारा. मी म्हटलं, तो म्हातारा शिमोन ना, मला तेवढं ऐकून माहीत होतं. तर म्हणाल्या, "तो म्हातारा होता असं लूक कुठेच लिहीत नाही, चित्रकारांनी दाढी पांढरी केली. वय लिहिलंय ते हन्नाचं. चौऱ्याऐंशी. लग्नानंतर सात वर्षांत नवरा गेला, आणि पुढे सगळं आयुष्य मंदिरात, उपास आणि प्रार्थना, रात्रंदिवस."

आणि इथे त्या थांबल्या. मला वाटलं काही आठवलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पण ती जन्माच्या रात्री नव्हतीच."

"कोण?"

"हन्ना. शिमोनपण. त्यांना तारा दिसला नाही, देवदूतांचं गाणं ऐकू आलं नाही, गोठ्यात कोणी बोलावलं नाही. ते दोघं यरुशलेमेत आपापल्या जागी. बाळ त्यांच्यापर्यंत आलं ते चाळीस दिवसांनी, आईबाप त्याला मंदिरात घेऊन आले तेव्हा. सगळा जल्लोष उरकल्यावर." चष्मा परत घातला. "आणि शिमोन मरियेला काय म्हणतो माहितीय? तुझ्या जिवातून तलवार जाईल. बाळ अवघं चाळीस दिवसांचं आहे तिचं, आणि हा असं बोलतो. मी हे पोरांना कधी शिकवलं नाही. नाटकात घेतलं नाही. म्हटलं सणासुदीला कशाला."

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती, किती वेळ उभी होती माहीत नाही.

आता लगेच सगळं ठीक झालं असं काही नाही. उलट पुढच्या दोन भेटी अगदी रुक्ष गोष्टींत गेल्या आणि त्या तितक्याच महत्त्वाच्या होत्या असं माझं मत आहे, कारण म्हातारपणी मनाचं आणि गुडघ्याचं दुखणं एकाच पिशवीत असतं. चर्चला का जात नाही, असं नीट विचारल्यावर बाहेर आलं की एक, पुण्याच्या चर्चमध्ये माईक घुमतो आणि त्यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, उपदेशातला एक शब्द कळत नाही, मग दीड तास मान हलवत बसायचं. दोन, पायऱ्या. तीन, आणि हे सांगायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला, बाथरूम. उपासना लांबली की काय करायचं, मधून उठून सगळ्यांच्या देखत कसं जायचं, म्हणून रविवारी सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत, मग चक्कर, मग "आज बरं वाटत नाही, तुम्ही जा". घरच्यांनी याचा अर्थ लावला की आईचं चर्चमधून मन उडालंय. पाळकसाहेबांनी मुलीला सांगितलं की आईंच्या विश्वासासाठी प्रार्थना करा. भले होते ते, पण तिथे प्रार्थनेइतकीच कडेच्या बाकाची गरज होती.

रक्त तपासायला पाठवलं. थायरॉईड ठीक, बी-12 बरंच कमी. कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, मशीन आलं, मशीनने पहिले चार दिवस शिट्ट्या मारल्या आणि ते टेबलाच्या खणात गेलं, मग परत बाहेर काढायला लावलं. हे सगळं दोन-तीन आठवड्यांत.

आणि एक प्रश्न मी सरळ विचारला, तो प्रत्येकाने विचारायला शिकलं पाहिजे. बाई बोलता बोलता म्हणायच्या, "प्रभूने आता न्यावं." आपल्याकडे वय झालेली माणसं हे म्हणतातच, ख्रिस्ती असो, वारकरी असो, कोणी असो, आणि घरचे एकतर "असं बोलायचं नाही हं" म्हणून तोंड बंद करतात किंवा सवयीचं म्हणून कानाआड करतात. दोन्ही चूक. मी विचारलं, बाई, न्यावं म्हणजे नक्की काय, स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? त्या बिलकुल बिचकल्या नाहीत. "अगं, न्यायला आला तर पिशवी भरलेली आहे. पण मी स्वतः तिकीट काढणार नाही. आणि तुझा तो शिमोनही तेच म्हणतो ना, आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे. तो आत्महत्या नव्हता करत." विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, विचारल्याने माणसाला मोकळं वाटतं. बाईंचं उत्तर निश्चिंत करणारं होतं. तसं नसेल, म्हणजे घरातलं माणूस दोन आठवड्यांहून जास्त खात नाही, झोपत नाही, औषधं साठवतंय, वस्तू वाटून टाकतंय, निरवानिरवीचं बोलतंय, तर सण संपायची वाट बघू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, आणि रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी मुलीला बसवलं आणि म्हटलं, यंदा काही वाढवायचं नाही, कमी करायचं. आईला विचारा त्यांना काय नको आहे, आणि मग, हळूच, काय राहिलंय. ती जरा दुखावली. तिलाही वडील गेल्याचं दुःख होतं, ते तिने त्या सहा फुटी ट्रीमध्ये घातलेलं. हे मला तेव्हा दिसलं, आधी दिसायला हवं होतं. तीही रडली नव्हती नीट. आई रडेल म्हणून ती नाही रडायची आणि मुलगी खचेल म्हणून आई नाही, आणि दोघी मिळून नातवाला सांगायच्या की हसरा चेहरा ठेव.

आईने काय मागितलं, तर नगरला कबरीवर जायचंय. गाणं म्हणायचंय.

मुलीचा पहिला विरोध हाच की सणाच्या तोंडावर दफनभूमीत कुठे जायचं, ईस्टरला जाऊ. मी म्हटलं जा. भाऊ टोरंटोहून व्हिडिओ कॉलवर होता, तो म्हणाला आमच्या इथल्या चर्चमध्ये 21 डिसेंबरच्या सुमारास, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र असते तेव्हा, अशीच एक उपासना ठेवतात, ज्यांचं कोणी गेलंय त्यांच्यासाठी, मेणबत्त्या, हळू गाणी, रडलं तरी चालतं, ब्लू ख्रिसमस म्हणतात. त्यावर बाई म्हणाल्या, "नाव इंग्रजी दिलं की तुम्हाला पटतं." पण खूश झाल्या होत्या, मला कळलं.

23 तारखेला शनिवार होता. पुणे ते नगर 120 किलोमीटर, शिरूरच्या पुढे चहा, नातू मागच्या सीटवर कानात हेडफोन घालून. पाळकसाहेबांना यायला तासभर उशीर झाला, नाताळच्या आठवड्यात त्यांनाही दहा ठिकाणं. महिला मंडळातल्या चौघी आल्या, चौघीही सत्तरीच्या पुढच्या, एकीने घरून खुर्ची आणली होती बाईंसाठी. पेटी नव्हती. सूर कोण धरणार यावर थोडी वादावादी, मग बाईंनीच धरला, खूप खाली धरला, वरच्या ओळीला कोणाचा आवाज पोचेना, परत पहिल्यापासून. मयतीची गाणी म्हटली, तीन. टोरंटोला मध्यरात्र उलटून गेली होती, मुलगा फोनवर होता, दुसऱ्या गाण्यात नेटवर्क गेलं, तिसऱ्याला आलं. आणि मग कोणीही न ठरवता त्या चौघींतली एक नाताळचं भजन गायला लागली, तिथेच, कबरीपाशी, आणि टाळ्या. नातवाने हेडफोन काढले होते. हे मला मुलीने फोनवर सांगितलं, मी तिथे नव्हते.

25 ला बाई चर्चला गेल्या. दाराजवळचा कडेचा बाक, बाथरूम आधी बघून ठेवलेलं, कानात मशीन. उपदेश सुरू झाल्यावर दहा मिनिटांत बाहेर आल्या, मुलगी पाठोपाठ आली की काय झालं, तर म्हणाल्या काही नाही, पुरे झालं, ऊन छान आहे. पायरीवर बसून दोघींनी फोन लावला, सकाळचे साडेनऊ, तिकडे आदल्या रात्रीचे अकरा. मी नंतर विचारलं, हर्ष झाला का? "नाही. पण ढोंगी वाटलं नाही."

चांदणी लावली नाही. मुलीने विचारलंही नाही, आणि याचं श्रेय मी तिला देते, ते सोपं नव्हतं. शेजारच्या जोशीकाकूंनी विचारलं, यंदा तुमच्याकडे तारा नाही का, तर ती म्हणाली यंदा नाही, बस, पुढे काही नाही.

इतरांकडून मला या लेखाआधी प्रश्न आले त्यात एक असा होता की मग आम्ही सण साजराच करायचा नाही का, लहान मुलांचं काय. करा की. ट्री लावा, केक आणा, पोरांना नाचू द्या. फक्त म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर सणाचं यश-अपयश मोजू नका. आणि त्यांना पाहुण्यासारखं सोफ्यावर बसवून सगळं हातात आणून देऊ नका, त्याने माणूस जास्त खचतो. बाईंना मी विचारलं होतं की घरात तुम्हाला काय काम आहे, म्हणाल्या काहीच नाही, मला उठूच देत नाहीत. मग करंज्यांचं सारण त्यांच्याकडे आलं, तेवढंच, लाटणं आणि तळणं नाही. त्यात वेलदोडा जास्त पडला म्हणून नातू कुरकुरला आणि त्या दोघांचं भांडण झालं, आणि मुलगी मला कौतुकाने सांगत होती की मॅडम, आई भांडली.

कधी कधी मला वाटतं आपण वय झालेल्यांकडून सणाला फार चुकीची गोष्ट मागतो. पोरांचा उत्साह मागतो. पंचाहत्तरीच्या माणसाच्या घरातली निम्मी माणसं भिंतीवर फोटोत गेलेली असतात, त्याच्यासाठी प्रत्येक सण हा हजेरीपटही असतो, नाव घेतलं की "गैरहजर" ऐकू येतं, आणि तरी तो बसलेला असतो तुमच्यात.

जानेवारीत बाई दोनदा आल्या. बी-12 ची इंजेक्शनं चालू होती, झोप जरा बरी होती. नगरच्या घराची किल्ली मागून घेतली आणि पेटी पुण्याला आणवली. भात्याला उंदराने भोक पाडलं होतं, दुरुस्तीला दिली. मी म्हटलं आता महिन्यातून एकदा आलात तरी चालेल. "मी कुठे तुझ्यासाठी येतेय, ती पाटी बदललीस का बघायला येते."

पाटी मी बदलली.

फेब्रुवारीच्या 2 तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी सातला मुलीचा मेसेज आला, फोटो होता. दारावर चांदणी. विकतची नव्हती. एक टोक बाकीच्यांपेक्षा आखूड, कागद सुरकुतलेला, खळ जास्त झालेली दिसतच होती, कामट्या नातवाने यूट्यूबवर बघून बांधल्या होत्या आणि बाईंनी खुर्चीत बसून त्याला तीनदा सोडायला लावल्या होत्या. मी घाबरून फोन केला, म्हटलं सगळं ठीक ना, फेब्रुवारीत चांदणी? मागून बाईंचा आवाज आला, मशीन कानात असल्यामुळे त्यांना माझं बोलणं ऐकू गेलं होतं.

"तिला म्हणावं 25 डिसेंबरपासून मोज. चाळीस होतात."

मग जोशीकाकू बाहेर आल्या आणि विचारायला लागल्या की आता हे काय नवीन, आणि मुलीने फोन तसाच चालू ठेवून त्यांना हन्नाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, चुकीची सांगत होती, वय त्र्याऐंशी सांगितलं, आणि आतून बाई ओरडल्या, चौऱ्याऐंशी.